सपनात घोव मारणारी तुळसा

स्वप्नात माणूस मेलेला दिसला की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्या मालवणी मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. लग्न दिसलं तर वाईट आणि मरण दिसलं तर साखर वाटा. कुणी ठरवलं हे विचारू नये. ज्याने ठरवलं त्याने निदान एका बाईचं काही वर्षं भलं केलं. ते भलं ज्याने घालवलं तो एम. ए.ला होता.

ती बाई म्हणजे देवबागची तुळसा. तिचा नवरा सत्यवान हा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. नारळी पौर्णिमा झाली की गलबत पाण्यात लोटायचं, मंगळुराहून कौलं भरून मुंबईला न्यायची, परत खाली जायचं, आणि पावसाच्या तोंडावर घरी यायचं. सत्यवान गावात गोड माणूस. देवळाच्या कामाला पुढे, कुणाच्या मयताला पहिला. घरात मात्र कढीत मीठ कमी पडलं तर ताट खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जायचं. हात तो क्वचित उचलायचा, पण उचलला की मग हिशेब ठेवायचा नाही. सत्यवानाची बायको म्हणजे सावित्रीच असणार, असं गावातले टवाळ म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा सासूने, काशीबाईने, जामसंड्याची एक मुलगी बघून ठेवली. पहिली नांदत असताना दुसरी करता येत नाही असा आता कायदा आहे, हे शाळेतल्या मास्तरांनी येऊन सांगितलं. काशीबाईने त्यांना चहा दिला. कायद्याला देवबागापर्यंत यायचं तर वाळू तुडवत यावं लागतं, आणि सरकारी बुटांना ते झेपत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तुळसाचं माहेर म्हणावं तर एक म्हातारा बाप आणि त्याची खोकल्याची उबळ. सवत आली की आपली जागा गोठ्याशेजारी, हे तिने मनाशी धरलंच होतं.

त्याच हंगामात एका सकाळी ती रडत उठली. काशीबाईने चुलीपाशी हटकलं, "काय गो, काय झाला?"

"आये, माका सपान पडला. ह्यांका खळ्यात निजवलेले बघलंय. तोंडात तुळशीचा पान."

"मेलेलो बघलंस? नीट बघलंस मां? श्वास नाय होतो?"

"नाय होतो," तुळसा हुंदका देत म्हणाली.

"अगो मग रडतंस कित्या, येडे! आयुष्य वाढला माझ्या झिलाचा!"

काशीबाईने नारळ फोडला. महिन्याभरात वादळ झालं. वेंगुर्ल्याच्या पाण्यात दोन गलबतं गेली, आणि सत्यवानाचं तेवढं फाटक्या शिडाने का होईना, परत आलं. झालं! जामसंड्याची मुलगी दुसऱ्या घरी पडली. काशीबाई विहिरीवर सगळ्यांना ऐकवायची, "जिच्या सपनान माझो झील जगता, तिका सवत कित्या?"

तेव्हापासून रोज सकाळी चूल पेटवतानाच प्रश्न यायचा, "आज मेलो?" तुळसा कधी नाही म्हणायची, कधी हो. खोटं ती बोलत नव्हती. सत्यवान दर्यावर असला की दर थोड्या दिवसांनी तिच्या स्वप्नात तो मरायचाच. कधी तापाने, कधी बुडून, एकदा तर नुसता बसल्या बसल्या. हळूहळू ज्यांचे ज्यांचे नवरे गलबतावर त्या बायकाही येऊ लागल्या. जानकी तर सुके बांगडे घेऊन यायची आणि आर्जवं करायची, "तुळशे, आमच्या ह्यांका पण एकदा मार गो सपनात. तुझा काय जाता?" तुळसा म्हणायची, "सपान काय सांगान पडता गो?" पण एकदा सत्यवानाच्या शेजारी जानकीचा घोवही निजवलेला दिसला. जानकीने आनंदाने सगळ्या वाडीला खोबरं वाटलं. अख्ख्या किनारपट्टीवर नवऱ्याच्या मरणाची बातमी एवढ्या हौसेने वाटणारं दुसरं गाव नसेल.

घरात मान मिळाला म्हणजे काय, तर सवत आली नाही. बाकी तेच. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. तोवर मडक्याच्या तळाला करपलेला भात आणि कढीचं नुसतं पाणी उरलेलं असायचं. तोही घास तोंडाशी नेला की ओटीवरून हाक यायची, पाणी हाड म्हणजे आण, सुपारी हाड. भूक लागते हे बोलून दाखवायची बाईला त्या घरात सवय नव्हती.

तिच्या स्वप्नाला एक शेपूट होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणाल तर तसं नाही. माणूस मेलेला दिसला की ऐकणाऱ्यांच्या लेखी स्वप्न संपायचं, पुढचं कोण विचारतो? पुढे असं व्हायचं, की त्याला उचलून नेलं की घर रिकामं व्हायचं. ती स्वयंपाकघरात जायची. चुलीवर उकड्या तांदळाचा भात वाफाळत असायचा, बाजूला बांगड्याचं तिखलं. ती स्वतःला वाढून घ्यायची, भिंतीला पाठ टेकायची, आणि जेवायची. पोटभर. कुणीही हाक मारायचं नाही. जाग यायची तेव्हा पोट भरल्यासारखं वाटायचं, आणि अंग हलकं. म्हणूनच पहिल्या खेपेचं सोडलं तर अशा सकाळी ती टवटवीत दिसायची.

आता भाईकडे येऊ. भाई म्हणजे सत्यवानाचा धाकटा भाऊ. तुळसा लग्न होऊन आली तेव्हा तो नाक पुसायलाही शिकला नव्हता. काशीबाईचे हात मासळीत आणि माडांत गुंतलेले, म्हणून पोर तुळसाच्या पदराला लागलं. त्याला वाईट स्वप्नं पडायची. वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगावं म्हणून ती त्याला उजाडता उजाडता कडेवर घेऊन खाडीवर जायची आणि त्याच्याकडून ते पाण्याला सांगून घ्यायची. पोटच्या पोराला कुणी याहून जास्त जीव लावला नसता.

भाई हुशार निघाला. मालवणात शाळा करून मुंबईला मामाकडे गेला, कॉलेजात शिरला, आणि त्याने विषय घेतला मानसशास्त्र. काशीबाईला तो शब्द पेलेना. "माणसांचा शास्त्र" असं ती सांगायची. लोक विचारायचे, "माणसां काय शिकूक लागतत?" कुणी म्हणालं, भाई भुतं काढायला शिकतो आहे. कुणी म्हणालं, वेड्यांचा डॉक्टर होणार. तुळसाला यातलं काहीच कळत नव्हतं, पण आपण कडेवर घेतलेला पोर काहीतरी मोठं शिकतोय एवढ्यानेच तिचा ऊर भरून यायचा.

एकोणसाठ सालच्या मे महिन्यात भाई सुट्टीला आला. एम. ए.चा अभ्यास चालू होता, आणि त्याला लिहायचं होतं स्वप्नांवर. तुळसा मागच्या दारी कोकमाची सोलं करायला रतांबे फोडत बसली होती. तो तिच्यासमोर पाटावर येऊन बसला.

"वयनी, तुझी ती सपनां माका सांग. सगळी."

"तुका म्हायतच आसत ती."

"मरणापर्यंत म्हायत आसत. मगे पुढे काय होता?"

पुढे काय होतं! इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. हातातला रतांबा ठेवून ती बोलायला लागली, आणि बोलतच सुटली. भात कसा वाफाळतो, तिखल्याचा वास कसा येतो, भिंत पाठीला कशी गार लागते. आपल्याला एवढं बोलता येतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. भाई मान डोलावत होता. मग त्याचे डोळे चमकले आणि त्याची भाषाच बदलली. घरचं बोलणं गेलं आणि पुस्तकातली मराठी आली.

"वहिनी, स्वप्न म्हणजे माणसाची दडपलेली इच्छा. जागेपणी जे मागायची भीती वाटते, ते आपण झोपेत मिळवतो. हे एका फार मोठ्या डॉक्टरने शोधून काढलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे दादा मरावा, अशी तुझी इच्छा आहे."

तुळसाने लाल हात पदराला पुसले. "काय बोलतंस रे भाई? मी असा कधी मनातसुद्धा हाडूक नाय."

"तुला माहीत नसणारच. ते मनाच्या तळाशी असतं. आणि तू जितकं नाही म्हणशील, तितकं ते खरं ठरतं."

हे शास्त्र मोठं सोयीचं. हो म्हटलं तर खरं, आणि नाही म्हटलं तर जास्तच खरं! आमच्याकडच्या देवळात कौल लावणाऱ्या घाड्यालाही एवढी सूट मिळत नाही. त्याचा कौल चुकला तर लोक तोंडावर विचारतात.

"ह्यात पाप नाही काही," भाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला. "सगळ्यांच्याच मनात असतं."

"आयेक सांगा नको हां," ती एवढंच म्हणाली.

"छे! आमच्यात नावं गुप्त ठेवतात."

मग सत्यवान आला. हंगाम संपला होता, गलबत वर ओढलं होतं, आणि पहिल्या जेवणाला शेजारचा बाबली पण पानावर होता. तुळसा वाढत होती. काशीबाईने नेहमीची गाथा लावली, औंदाही सुनेच्या सपनांनी झील राखला, नारळ द्यायचा आहे. भाई गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस गप्प कसा राहील! अंधश्रद्धा घालवायची त्याला खुमखुमी होती, आणि ती घालवायला त्याला आपल्याच घरची चूल सापडली.

"आये, आयुष्य-बियुष्य काय वाढणा नाय," तो हसत म्हणाला. "मनात जां असता तांच सपनात दिसता. दादा मेलो की वयनी तिखला-भात घेवन पोटभर जेवता. विचार तिका."

बाबलीचा घास हातातच राहिला. सत्यवानाने आधी ताटाकडे पाहिलं, मग तुळसाच्या हातातल्या डावाकडे. त्याने ताट फेकलं नाही. फेकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, ते सवयीचं होतं. तो उठला, हात धुतले आणि ओटीवर जाऊन बसला. संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, "माका हेच्यापुढे तू वाढ. हिच्या हातचा नको."

"म्हणान गो तू सपान पडल्यार अशी फुलान उठी होतंस!" काशीबाई तिला म्हणाली. ज्या तोंडाने वर्षानुवर्षं "आज मेलो?" विचारलं त्याच तोंडाने. जानकी तर दारात उभी राहून किंचाळली, "माझ्या घोवाकय बाजूक निजवलंस मां?" बांगडे घेऊन आपणच मागायला येत होतो, हे ती साफ विसरली. गरज सरो, वैद्य मरो.

आणि भाई? कॉलेज उघडायच्या आधी तो निघाला. जाताना म्हणाला, "वहिनी, मी यांना समजावलं असतं, पण यांची समजायची तयारीच नाही." पुढच्या वर्षी तो चांगल्या मार्कांनी पास झाला. तुळसाचं स्वप्न परीक्षकांना फार आवडलं, असं त्याने मामाकडे सांगितलं म्हणे. खाल्ल्या घरचे वासे मोजतात असं आपण ऐकतो. यानं वासे मोजून वर बक्षीस मिळवलं.

तुळसाची स्वप्नं त्या दिवसापासून बंद झाली. ती झोपेलाच भ्यायली. डोळा लागतोय असं वाटलं की उठून बसायची. दिवसभर कामं करता करता आपल्याच मनात शोधत राहायची, विहिरीत पडलेली घागर गळ टाकून शोधतात तशी. भाईने सांगितलेलं ते खरंच तळाशी आहे का? गळाला काय लागलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात सत्यवान दर्यावर गेला. विजयदुर्गाच्या बाहेर वाऱ्याने शीड फाडलं आणि शिडाचं आडवं लाकूड त्याच्या पाठीवर आलं. जीव वाचला, पण कमरेखालचा भाग मेला. खाटेवर घालून त्याला घरी आणलं तेव्हा काशीबाईने खळ्यातच छाती बडवून घेतली. "हिची सपनां बंद झाली म्हणान ह्यां झाला," असं ती सकाळी म्हणायची. "हिच्या मनातच होता म्हणान ह्यां झाला," असं संध्याकाळी. जुन्या समजुतीप्रमाणे बघा, गुन्हेगार तुळसा. नव्या शास्त्राप्रमाणे बघा, तरी तुळसाच. दोन शास्त्रांचं एरवी पटत नाही, पण बाईला सुळी द्यायला दोन्ही एका सुरात गातात. मला या गोष्टीचा अजून संताप येतो.

पुढच्याच पावसाळ्यात काशीबाई गेली. आता सत्यवानाला तुळसाच्याच हातचं खाणं भाग होतं. त्याने त्यावर तोड काढली. पेज असो की भात, ताट समोर आलं की तो म्हणायचा, "आदी तू खा." ती एक घास खायची. तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, मग तोंड उघडायचा. त्याचं धुणंपुसणं तिने केलं, त्याच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, त्याला उचलून उचलून तिचे खांदे कामातून गेले. आणि रोज दोन वेळा तिने विष घातलेलं नाही हे ताटासमोर सिद्ध करून दाखवलं. सात वर्षं!

सदुसष्टच्या चतुर्थीला भाई आला. आता तो पुण्यात कॉलेजात शिकवत होता, चष्मा लागला होता, पोट सुटलं होतं. दादासाठी फळं आणली होती. जेवणाच्या वेळी त्याने ते बघितलं. दादाचं "आदी तू खा", वहिनीचा घास, आणि दादाचं बघत राहणं. ती भांडी घेऊन पडवीत आली तसा तो मागोमाग आला.

"वहिनी, हे अजून चाललंय?"

"चालताच आसा."

"अगं, पण ते सगळं आता जुनं झालं," तो म्हणाला. "परदेशात झोपलेल्या माणसांच्या डोक्याला तारा लावून बघतात आता. प्रत्येक माणसाला रोज स्वप्नं पडतात. प्रत्येक स्वप्न म्हणजे दडलेली इच्छाच, असं आमच्यातले बरेच लोक आता मानत नाहीत. मी स्वतःही मुलांना तसं शिकवत नाही."

तुळसाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "म्हंजे तू सांगलंस तां खोटा होता?"

"खोटं असं नाही. ते एक मत होतं." तो जरा घुटमळला, मग सहज बोलावं तसं बोलून गेला, "खरं सांगायचं तर वहिनी, तुला त्या वेळी नुसती भूक लागत असेल. उपाशी माणसाला जेवण दिसतं. एवढंच असेल ते."

भूक! जिच्या हातचं जेवून हा वाढला, ती कधी जेवते हे याने एकदाही वळून बघितलं नव्हतं. आठ वर्षांनी, चष्मा लावून, त्याला ते सुचलं.

तिने भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तां तू तेवां कित्या नाय सांगलंस रे?"

भाई म्हणाला, "वहिनी, जे झालं ते झालं. तुझा काही दोष नव्हता. तुझ्या मनात तसं काही नव्हतंच."

"नाय होता," ती म्हणाली. "देवाशपथ नाय होता. पण तू सांगलंस मां, तळाशी आसा म्हणान? मगे मी शोधूक लागलंय. रोज शोधलंय. आणि गावला, भाई. नाय होता तां हाताक लागला. तेका धुताना, तेका उचलताना, तेच्यासमोर घास खाताना मी तांच मागतंय. सपनात नाय. जागेपणी."

नवऱ्याला तिने आयुष्यात पहिल्यांदा एकेरी केलं होतं. भाईने आतल्या खोलीकडे बघितलं. मधे नुसता कुडाचा आडोसा होता.

"वहिनी, हळू बोल. दादा ऐकेल."

"आयकांदे. सपनात मरी होतो, तेवां तेचा आयुष्य वाढी होता. आता सात वर्षां झाली मी जागेपणी मागतंय, तरी तां मेला आयुष्य वाढताच आसा."